जिनिव्हाला न गेलेली खिडकी

डब्लिनचा हॅरी क्लार्क चित्रकार की कारागीर, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. मला तो दोन्ही वाटतो. वडील जोशुआ लीड्सहून डब्लिनला आलेले. चर्चची सजावट करून देणं हा त्यांचा धंदा. हॅरी १८८९ चा. चौदाव्या वर्षी आई गेली. पुढे वडिलांच्या कारखान्यात तो हाताखाली शिकला आणि संध्याकाळी चित्रशाळेत जाऊ लागला.

रंगीत तावदान म्हटलं की आपल्याला जुन्या वाड्यातल्या लाल-हिरव्या काचा आठवतात. एक काच, एक रंग. क्लार्कचं काम वेगळंच. फिक्या काचेवर गडद रंगाचा पातळ थर असलेली काच तो घेई. जिथला रंग राखायचा तिथे मेण लावायचं, काच ॲसिडमध्ये सोडायची. उघडा भाग झिजे. पुन्हा मेण, पुन्हा ॲसिड. असं करता करता एकाच तुकड्यात माणकाच्या लालपासून पार गुलाबी-पांढऱ्यापर्यंत छटा उतरत. कधी अशा दोन काचा एकावर एक बसवून तिसराच रंग साधायचा. मग ब्रशने चेहरे, लांब निमुळती बोटं, कपड्यांवरची वेलबुट्टी; भट्टी; शेवटी शिशाच्या पट्ट्यांनी जोडणी. कॉर्कच्या होनन चॅपलमधल्या त्याच्या अकरा खिडक्यांनी १९१७ पर्यंत त्याचं नाव झालं. त्यातल्या संत गोबनेटचा तो निळा! छायाचित्रातही नजर हटत नाही.

छाती मात्र नाजूक, त्यात ॲसिडच्या वाफा. क्षय जडला. तरी वडिलांमागे कारखाना, पुस्तकांची चित्रं, खिडक्या, सगळं चालूच.

अशात नव्या आयरिश सरकारने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाला भेट द्यायला खिडकी मागितली. क्लार्कने शॉ, येट्स, जॉइस अशा पंधरा लेखकांच्या साहित्यातले प्रसंग आठ चौकटींत उतरवले. १९३० साली खिडकी तयार झाली आणि सरकारप्रमुख कॉसग्रेव्ह कचरले. लियम ओफ्लॅहर्टीच्या कादंबरीतली झिरझिरीत वस्त्रातली नर्तिका त्यांना खटकली. मला यात दुष्टपणा दिसत नाही. धर्मभीरू नव्या देशाचा धाक दिसतो. पण समोरचा माणूस मरणाच्या दारात होता.

दावोसच्या आरोग्यधामातून घरी निघालेला क्लार्क ६ जानेवारी १९३१ रोजी स्वित्झर्लंडमधल्याच कूर गावी वारला. वय एक्केचाळीस. तिथल्या नियमानुसार कबरीची जागा पंधरा वर्षांपुरतीच राखली जाई. घरच्यांना ते ठाऊक नव्हतं. १९४६ साली अवशेष काढून सामायिक खड्ड्यात ठेवले गेले.

खिडकीचं काय झालं? पत्नी मार्गारेट स्वतः चित्रकार. सरकारने दिलेले साडेचारशे पौंड परत करून तिने ती सोडवून आणली. मी बँकेत असंख्य तारणं सुटताना पाहिली. पदरी मुलं असलेल्या विधवेने एक खिडकी सोडवावी, असा व्यवहार एकही आठवत नाही. १९८८ साली कुटुंबाने ती विकली. आता ती अमेरिकेत, मायामी बीचच्या वुल्फसोनियन संग्रहालयात आहे. त्या नर्तिकेसकट.