डॉ. मुकुंदराव जयकर

मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नरकडे गेले, की पुणे विद्यापीठाचे क्षेत्र लागते. घाटाखालची शहापूर-मुरबाडची महाविद्यालये मात्र मुंबई विद्यापीठाकडे आहेत. पूर्वी ही विभागणी नव्हती. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाकडेच पुण्याची महाविद्यालयेही होती. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्याला स्वतःचे विद्यापीठ नसावे, ही गोष्ट अनेकांना सलत असे.

ही उणीव दूर करण्यात मुकुंदराव जयकर यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा जन्म 1873 साली झाला. विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले व पुढे संघ न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. 1942 साली महाराष्ट्राच्या विद्यापीठाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली, तिचे ते अध्यक्ष होते.

10 फेब्रुवारी 1949 रोजी पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. पहिले कुलगुरू जयकर त्या वेळी पंचाहत्तर वर्षांचे होते. या वयात माणसे विश्रांती शोधतात. त्यांच्या वाट्यास मात्र नवा संसार मांडण्याचे काम आले. प्रारंभी कचेरीलाही स्वतःची जागा नव्हती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या अतिथिगृहात कारभार चाले. लवकरच गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा प्रासाद विद्यापीठास मिळाला. 22 जून 1897 च्या रात्री याच प्रासादातील राणीच्या हीरकमहोत्सवी समारंभाहून परतणाऱ्या रँडसाहेबावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली होती. सत्तेच्या त्या वास्तूत आता सरस्वतीची स्थापना झाली.

1956 पर्यंत जयकरांनी ही धुरा वाहिली. 1959 साली ते निवर्तले. 2014 साली विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. तेथील ग्रंथालय जयकरांच्या नावाने ओळखले जाते.