डॉ. आंबेडकर आणि मताचे मोल

महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांच्या विद्वत्तेवर, सत्याग्रहांवर आणि धर्मांतरावर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने निवडणूक-पद्धतीशी त्यांनी आयुष्यभर दिलेली झुंज उपेक्षित राहिली.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने ते गेले आणि संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक विधिमंडळांच्या १४८ राखीव जागा आल्या. जागा वाढल्या, पण त्या जिंकून देणारी मते आता बहुतांशी इतरांच्या हाती होती. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष कुळे आणि कामगार यांनाही साद घालणारा होता, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संघटित अल्पसंख्याला ही सोय मोलाची होती. पक्षाने लढविलेल्या बहुतेक जागा जिंकल्या.

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत त्याचा पाडाव झाला. तरीही बाबासाहेब घटना समितीत पोहोचले, ते बंगालमधून. कारण तेथे आमदारांचे मतदान एकल संक्रमणीय मताने होते व थोड्या मतांवरही एक प्रतिनिधी निवडून येऊ शकत होता. फाळणीने ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून परतले.

आश्चर्य पुढेच आहे. जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा तिला विरोध त्यांनीच केला. निरक्षर मतदार आणि गटातटांनी खिळखिळे होणारे सरकार, ही त्यांची कारणे. स्वपक्षाच्या हिताची पद्धत राष्ट्रासाठी नाकारण्याचे हे धैर्य विरळाच.

त्याची किंमत त्यांनीच मोजली. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात दोन मते एकालाच देण्याची मुभा उरली नव्हती. समाजवादी अशोक मेहतांशी युती करूनही काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. त्याच वर्षी राज्यसभेचे दार उघडले, ते पुन्हा संक्रमणीय मतानेच. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब हरले.

जातीच्या सीमा ओलांडणारा नवा पक्ष त्यांच्या मनात होता. पण ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीत दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला.