संगीतकार लक्ष्मीकांत



घरात कोणाचा वाढदिवस असला म्हणजे ओवाळणी आटोपल्यावर एक हिंदी गीत हटकून लावले जाते. जन्मदिवसाचे अभीष्ट चिंतणारे ते गीत तुमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. परंतु ते मुळात कोठले, असे विचारले तर वर्गात फारसे हात वर होणार नाहीत. ते गीत एका हेरपटातील आहे! १९६७ साली रविकांत नगाइच यांनी दिग्दर्शित केलेला ‘फर्ज’ हा चित्रपट आला. त्याचा नायक ११६ क्रमांकाचा गुप्तहेर होता, आणि ती भूमिका जितेंद्र यांनी केली होती. या चित्रपटाला संगीत देणाऱ्या जोडीपैकी एक जण मराठी होता. त्याचे पूर्ण नाव लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. त्यांचे चरित्र आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

लक्ष्मीकांत यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९३७ रोजी झाला. तो दिवस लक्ष्मीपूजनाचा होता. घरात मात्र लक्ष्मीचा वास नव्हता. मुंबईच्या विलेपार्ले भागातील गरीब वस्तीत त्यांचे बालपण गेले. ते लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. शिक्षण अर्धवट सोडावे लागले आणि घराला हातभार लावण्याची वेळ आली. वडिलांचे एक स्नेही स्वतः वादक होते. मुलांनी एखादे वाद्य शिकावे, म्हणजे पोटापाण्याची सोय होईल, असा सल्ला त्यांनी दिला. त्याप्रमाणे थोरल्या भावाने तबला घेतला आणि लक्ष्मीकांत यांनी मँडोलिन हाती धरले. ज्या वयात मुले छंद म्हणून वाद्य वाजवतात, त्या वयात या मुलाने ते चरितार्थासाठी वाजवले. हुसेन अली या नामांकित मँडोलिनवादकाच्या सहवासात त्यांनी दोन वर्षे काढली. पुढे बालमुकुंद इंदोरकर यांच्याकडे मँडोलिनचे आणि संगीतकार हुस्नलाल यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले. शाळा सुटली, परंतु शिकणे सुटले नाही. ‘भक्त पुंडलिक’ (१९४९) आणि ‘आँखें’ (१९५०) या चित्रपटांत बालनट म्हणूनही त्यांनी काम केले.

कुलाब्याच्या रेडिओ क्लबात एकदा लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम होता. साथीला मँडोलिन घेऊन बसलेला मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याच्या वादनाने लताबाई प्रसन्न झाल्या आणि कार्यक्रमानंतर त्यांनी त्याची आस्थेने चौकशी केली. मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी ‘सुरील कला केंद्र’ नावाची संगीतसंस्था चालवली होती. तेथे लक्ष्मीकांत यांची गाठ आपल्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या एका मुलाशी पडली. त्याचे नाव प्यारेलाल शर्मा. वडील ट्रंपेट वाजवणारे, घरची स्थिती तशीच बेताची, आणि हातात व्हायोलिन. दोघांची परिस्थिती सारखी होती आणि ध्यासही एकच होता. मैत्री जमावयास वेळ लागला नाही. या मुलांची हलाखी कळल्यावर लताबाईंनी नौशाद, सचिन देव बर्मन, सी. रामचंद्र अशा मोठ्या संगीतकारांकडे त्यांची शिफारस केली.

अशा रीतीने दोघे वाद्यवृंदात बसू लागले. पडद्यावर नटाचे नाव येते, गायकाचे येते, संगीतकाराचे येते. पण ज्यांच्या हातून तो नाद निर्माण होतो त्या पन्नास-साठ वादकांना कोण ओळखतो? त्या काळी सारा वृंद एकाच दालनात बसे आणि गीत सलग ध्वनिमुद्रित होई. एकाचा सूर चुकला तर साऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. मिळकत थोडीच होती. मुंबईत भागेना, म्हणून दोघांनी मद्रासलाही नशीब अजमावून पाहिले, परंतु तेथेही तोच अनुभव आला आणि ते परत फिरले. तेव्हा प्यारेलाल यांच्या मनाने घेतले की, देश सोडावा आणि व्हिएन्नास जाऊन तेथल्या वाद्यवृंदात वाजवावे. लक्ष्मीकांत यांनी त्यांचे मन वळवले आणि त्यांना थांबवून घेतले. त्या दिवशी मित्र गेला असता, तर पुढील इतिहास घडलाच नसता.

कल्याणजी-आनंदजी यांचे सहायक म्हणून दोघांनी अनेक वर्षे काम केले. १९६३ साली ‘पारसमणी’ हा त्यांचा स्वतंत्र संगीताचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट अल्प खर्चाचा होता, परंतु त्यातील गाणी घरोघर पोहोचली. पुढच्याच वर्षी ‘दोस्ती’ आला. दोन दरिद्री, अपंग मित्रांची ती कथा होती. पडद्यावर एकही नामांकित नट नव्हता. तरीही त्या वर्षीचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक शंकर-जयकिशन यांचा ‘संगम’ आणि मदनमोहन यांचा ‘वह कौन थी’ यांना मागे सारून ‘दोस्ती’च्या संगीताला मिळाले. लक्ष्मीकांत तेव्हा अवघ्या सत्तावीस वर्षांचे होते. दोघा मित्रांच्या त्या कथेला दोघा मित्रांनी संगीत द्यावे, हा योगायोग मोठा गोड वाटतो.

आता ‘फर्ज’कडे वळू. १९६२ साली इंग्लंडमध्ये ‘डॉक्टर नो’ या चित्रपटाने जेम्स बाँड नावाचा हेर पडद्यावर आणला. त्याची प्रसिद्ध धून माँटी नॉर्मन यांची. तिला वाद्यवृंदाचा साज चढवला जॉन बॅरी यांनी. मौज अशी की, नॉर्मन यांनी ती चाल मुळात त्रिनिदाद बेटावरील भारतीय कुटुंबाच्या कथेवर आधारलेल्या एका संगीतिकेसाठी बांधली होती! या धुनेनंतर विजेच्या गिटारीचा झणत्कार आणि पितळी वाद्यांचा अचानक उठणारा गजर हीच जगभर हेरपटाची ओळख ठरली. आपल्याकडे मात्र नुसत्या थराराने भागत नाही. हेरालाही गावे लागते, नाचावे लागते, वाढदिवसही साजरा करावा लागतो. पाश्चात्त्य धाटणीचा वाद्यवृंद आणि सहज गुणगुणता येईल अशी देशी चाल यांचा मेळ घालणे हे खरे अवघड काम होते. ‘फर्ज’मध्ये तो मेळ साधला.

तो साधला, कारण दोघांचे गुण परस्परपूरक होते. ढोबळ मानाने, चाल आणि ठेका ही लक्ष्मीकांत यांची बाजू, तर वाद्यमेळाची मांडणी ही प्यारेलाल यांची. स्वरलिपी ही वस्तू आपणा बडोदेकरांना अपरिचित नाही. १८८६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे गायनशाळा सुरू केली, तेव्हा मौलाबक्ष यांनी आपले संगीत लिपीबद्ध करून विद्यार्थ्यांना शिकवले होते. मुंबईच्या वाद्यवृंदात पाश्चात्त्य स्वरलिपी झरझर वाचणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत लहानपणीच ते ती विद्या शिकत. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे साष्टीतील माजोर्डे गावचे. माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे हे सांगताना मला थोडा अभिमान वाटला, तर तो वाचकांनी गोड मानून घ्यावा. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये या गुरूचे नाव एका गीतातून साऱ्या देशाच्या ओठांवर आले. त्या चित्रपटाचे संगीतही याच जोडीचे होते. स्वतः मागच्या रांगेत बसलेल्या माणसांना मागच्या रांगेचा विसर पडला नव्हता.

पुढील तीन दशकांत या जोडीने पाचशेहून अधिक चित्रपटांना संगीत दिले आणि सात वेळा ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळवले. कधी कधी शंभराहून अधिक वादक त्यांच्यापुढे बसत. एकेकाळी स्वतःच्या रोजंदारीची चिंता करणारा मुलगा आता शेकडो घरांच्या चुली पेटत्या ठेवत होता.

२५ मे १९९८ रोजी मुंबईत मूत्रपिंडाच्या विकाराने लक्ष्मीकांत यांचे निधन झाले. वय साठ वर्षांचे होते. त्यानंतर प्यारेलाल यांनी एकट्याने काही काम केले, परंतु आपल्या रचनांवर त्यांनी दोघांचेच नाव ठेवले. २०२४ साली भारत सरकारने प्यारेलाल यांना ‘पद्मभूषण’ दिले, तेव्हाही लोकांच्या मुखी जोडनावच आले.

मित्रहो, यशाची वाटणी करताना भावाभावांत वितुष्ट आल्याच्या कथा आपण नेहमी ऐकतो. येथे दोन गरीब मुलांनी वाद्यांच्या गलबल्यात हातात हात दिला आणि एकाच्या मृत्यूनंतरही तो सुटला नाही. पुढच्या वाढदिवशी ते गीत लागेल तेव्हा गायकाचा आवाज ऐकून झाल्यावर क्षणभर त्यामागची वाद्येही ऐका. विलेपार्ल्याच्या वस्तीतील तो मुलगा एके काळी तेथेच बसत असे.