रंग नावाचा माणूस

झाडं हिरवी का दिसतात? पटकन उत्तर येतं – क्लोरोफिल! सूर्यप्रकाशातला लाल आणि निळा भाग ते जास्त शोषतं, हिरवा कमी. तो उरलेला हिरवा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण हे हिरवं म्हणजे नक्की काय, याच प्रश्नामागे एक माणूस आयुष्यभर लागला. त्याचं नाव मिखाईल त्स्वेत. गंमत म्हणजे रशियन भाषेत त्स्वेतचा अर्थच रंग!

जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्ती गावी. वडील रशियन, आई इटालियन. आई लगेचच वारली. शिक्षण जिनिव्हात झालं, १८९६ मध्ये डॉक्टरेटही मिळाली. पण रशियात गेल्यावर ती परदेशी डिग्री चालेना! बिचाऱ्याने पुन्हा अभ्यास करून १९०१ मध्ये कझानहून रशियन डिग्री घेतली.

पुढे तो वॉर्साला आला. तिथे त्याने काचेच्या नळीत खडूची पूड दाबून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. प्रत्येक रंगद्रव्य खडूला कमी-जास्त चिकटतं, त्यामुळे कुणी पुढे गेलं, कुणी मागे राहिलं. नळीत रंगांचे वेगवेगळे पट्टे पडले. पिवळे तर होतेच, पण हिरवेसुद्धा दोन निघाले, एक निळसर आणि एक पिवळसर. म्हणजे क्लोरोफिल एक नाही, दोन! १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला नाव दिलं, क्रोमॅटोग्राफी.

पण मोठमोठ्या केमिस्ट लोकांना ते पटेना. खडूमुळे रंगद्रव्यच बिघडत असेल, असा संशय घेतला गेला. शिवाय हा पडला बॉटनीवाला! त्यात पहिलं महायुद्ध आलं. तो शिकवत होता ते पॉलिटेक्निक वॉर्साहून हलवावं लागलं. गावं बदलत, आजारपण सोसत १९१९ मध्ये तो वोरोनेझला वारला. वय फक्त सत्तेचाळीस.

१९३१ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला कून आणि लेडरर यांनी तीच पद्धत पुन्हा वापरली आणि जग जागं झालं. आज औषधांची शुद्धता तपासायची असो की भाजीवरचं कीटकनाशक शोधायचं असो, क्रोमॅटोग्राफी लागतेच. हे बघायला त्स्वेत मात्र नव्हता.

आपल्या लॅबमधली लाखोंची मशीन्स बघून दबून जाऊ नका. सुरुवात एका नळीने आणि खडूने झाली होती. आणि खडू तर आपल्या प्रत्येक वर्गात आहे!