गेम-स्टिकच्या रिमोटवरचं 'अधिक'चं बटण कुणाचं?

पैठण गेटवरून किंवा ऑनलाइन घेतलेली गेम-स्टिक टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावा, रिमोट हातात घ्या. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण आहे ना? ते गुनपेई योकोई यांचं डोकं.

जन्म १९४१, क्योटो. इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले, तेही पत्ते बनवणाऱ्या मशीनच्या देखभालीला! फावल्या वेळात त्यांनी लांब होणारा खेळण्यातला हात बनवला. तो मालकांच्या नजरेला पडला. ओरडा बसायचं सोडून १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आला, आणि तुफान खपला.

नवी महागडी टेक्नॉलॉजी कशाला, जुनी स्वस्त झालेलीच वेगळ्या कामाला लावू, हा योकोईंचा हिशोब. कॅल्क्युलेटरसारखा एलसीडी स्क्रीन वापरून १९८० मध्ये त्यांनी 'गेम अँड वॉच' आणला. १९८२ मध्ये त्यात आर्केडचा डॉन्की काँग बसवायचा होता. पण घडीच्या एवढ्याशा डबीत आर्केडची दांडी मावणार कशी? त्यांनी दांडीच काढली, चपटं बटण दिलं. पुढच्याच वर्षी ते फॅमिकॉमच्या रिमोटवर आलं. आपल्याकडच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमने तोच रिमोट उचलला.

१९८९ चा गेम बॉयही तसाच: स्क्रीन रंगीत नाही, पण सेल खूप टिकायचे. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय मात्र साफ आपटला. १९९६ मध्ये त्यांनी निन्टेन्डो सोडली, स्वतःची कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्ते अपघातात ते गेले, वय ५६. त्यांनी हात लावलेला वंडरस्वान १९९९ मध्ये आला. एका पेन्सिल सेलवर चालायचा.