रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (२६ सप्टेंबर, १८०४ - १० एप्रिल, १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातील अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे कलावंत म्हणून ते प्रसिद्ध आहेत. अजिंठा व वेरूळची लेणी आणि वऱ्हाडातील जुनी देवालये यांची आरंभीची छायाचित्रेही त्यांनी घेतली. खानदेशातील भुसावळ (जि. जळगाव) येथे त्यांची कबर आहे.

नेमणुकीची पार्श्वभूमी

गिल यांचा जन्म लंडनमध्ये झाला. विशीत ते मद्रास लष्करात दाखल झाले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्यामुळे अजिंठ्याची लेणी युरोपीय जगाला माहीत झाली होती. तेव्हा वाघूर नदीच्या घळीतील ही लेणी झाडीने वेढलेली व ओसाड होती. चित्रांचे पोपडे गळत होते. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. त्यानुसार १८४४ मध्ये कंपनीने या कामासाठी गिल यांची निवड केली.

अजिंठ्यातील कार्य

अजिंठा गाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. गिल तेथील बारादरीत राहू लागले. अंधाऱ्या विहारांत बसून त्यांनी मोठ्या आकाराची तैलचित्रे रंगवली व ती टप्प्याटप्प्याने लंडनला पाठवली. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्यांचा स्नेह होता. तिचे १८५६ मध्ये निधन झाले. तिची कबर अजिंठा गावात आहे. या दोघांविषयी परिसरात अनेक कथा सांगितल्या जातात. त्यांतील लोककथेचा भाग आणि इतिहास वेगळा ठेवणे आवश्यक आहे.

गिल यांची बहुतेक चित्रे लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित करण्यात आली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे लागलेल्या आगीत ती जळाली. बचावलेली मोजकी चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

छायाचित्रण

१८५६ च्या सुमारास गिल छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो वाळण्यापूर्वीच छायाचित्र घेणे व ते धुणे भाग असे. त्यामुळे प्रवासात काचा, रसायने व अंधाऱ्या खोलीची सोय बरोबर बाळगावी लागे. गिल यांनी प्रामुख्याने द्विनेत्री छायाचित्रे घेतली. किंचित वेगळ्या कोनांतून टिपलेल्या दोन प्रतिमा विशिष्ट भिंगांतून एकत्र पाहिल्या की दृश्याला खोली येते. स्तंभांच्या रांगा व कोरीव दर्शनी भाग यांसाठी हे तंत्र विशेष उपयुक्त ठरले.

१८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' या पुस्तकात ७४ छायाचित्रे असून दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची १०० द्विनेत्री छायाचित्रे आहेत. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसन यांनी लिहिला. लोणार येथील देवालयांचीही छायाचित्रे गिल यांनी घेतली.

मूल्यमापन

त्या काळच्या छायाचित्रणात रंग नसल्यामुळे जळालेल्या चित्रांची उणीव या छायाचित्रांनी भरून निघाली नाही. मात्र निजाम सरकारने विसाव्या शतकात केलेल्या जतनकार्यापूर्वी लेण्यांचे स्तंभ, दर्शनी भाग व शिल्पे कोणत्या अवस्थेत होती, याचा तो महत्त्वाचा पुरावा आहे. छापील पुस्तकांच्या अनेक प्रती निघाल्यामुळे ही छायाचित्रे एका आगीत नाहीशी होण्याचा धोका उरला नाही. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नव्या प्रती केल्या. त्यांतील अनेक प्रती १८८५ मध्ये लंडन येथील आगीत जळाल्या.

मृत्यू व स्मृती

१० एप्रिल १८७९ रोजी गिल यांचे निधन झाले. भुसावळ येथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. कवी ना. धों. महानोर यांनी गिल व पारो यांच्या कथेवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर आधारित, नितीन चंद्रकांत देसाई दिग्दर्शित 'अजिंठा' हा मराठी चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला.