ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर

अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहाराचा अभ्यास करताना ब्रह्मेंद्रस्वामींना वगळून पुढे जाता येत नाही. शेजारी असलेल्या आणि परस्परांशी वारंवार लढणाऱ्या दोन सत्तांतील माणसे एरवी एकमेकांशी कशी वागत होती, हे समजून घेण्यासाठीही त्यांचे चरित्र उपयुक्त आहे.

या दोन सत्ता म्हणजे साताऱ्याचे मराठे आणि जंजिऱ्याचे सिद्दी. आज महाड तालुक्यात असलेला रायगड १६८९ मध्ये मोगलांनी घेतला व पुढे तो सिद्दीच्या ताब्यात गेला. त्यामुळे शिवछत्रपतींची राजधानी चार दशकांहून अधिक काळ परसत्तेकडे होती आणि सावित्रीच्या खोऱ्यातील रयत ही जणू सीमेवरची रयत झाली.

वऱ्हाडात जन्मलेले स्वामी सतराव्या शतकाच्या अखेरीस चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगरावर येऊन राहिले. हा मुलूख सिद्दीचा. तरीही सिद्दीने त्यांचा मान राखला आणि परशुराम देवस्थानाला पेढे व आंबडस ही गावे दिली. सिद्दीचे हाडवैरी कान्होजी आंग्रेही स्वामींचे भक्त होते. एकाच संन्याशाच्या पायाशी दोन वैरी यावेत, याचे त्या काळी फारसे कोणाला नवल वाटत नसे. या संघर्षाला केवळ धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी ही इनामे विसरू नयेत.

बिनसले ते एका हत्तीवरून. सावनूरच्या नबाबाकडून सिद्दी सातासाठी येणारा हत्ती वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी अडविला. अंजनवेलचा अंमलदार असलेल्या सिद्दी साताला यात स्वामींचा हात दिसला. १७२७ च्या महाशिवरात्रीस त्याने परशुरामाचे देऊळ लुटून उद्ध्वस्त केले. स्वामींनी कोकण सोडले व ते साताऱ्याजवळ धावडशीस स्थायिक झाले. शाहू महाराज, बाजीराव आणि अनेक सरदार त्यांना गुरुस्थानी मानत. शिवाय बाजीरावांना ते कर्जही देत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. सिद्दीचे पारिपत्य व्हावे, हा धोशा त्यांनी वर्षानुवर्षे चालू ठेवला. हा क्षोभ रास्त होता. मात्र त्यात देवालयाच्या दुःखाइतकाच दुखावलेला मानही होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१७३३ मध्ये मोहीम निघाली. पेशवे जंजिऱ्यासमोर अडकून पडले असता जूनमध्ये प्रतिनिधींनी रायगड घेतला, आणि या यशाने त्या दोघांतील चुरसच वाढली. पुढे १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला.

येथे भाषेची साक्ष काढणे योग्य होईल. मराठी कागदपत्रांत सिद्दीला शामल किंवा हबशी, तर त्याच्या मुलखाला हबसाण म्हटले आहे. शामल हा शब्द रागाच्या पत्रात येतो, तसाच वसुलाच्या कोरड्या हिशेबातही येतो. गनीम हा मूळ अरबी शब्द मोगल मराठ्यांसाठी वापरत आणि मराठे आपल्या शत्रूंसाठी. शत्रूला शत्रू म्हणण्यासाठी दोघांपाशी शब्द एकच होता.

युद्धानंतरच्या तहाने अकरा महालांचे उत्पन्न दोन्ही सत्तांत निम्मेनिम वाटले गेले. १७४५ मध्ये स्वामींनी धावडशीस देह ठेवला, तेव्हा रायगड मराठ्यांकडे परतला होता. जंजिरा मात्र अजून सिद्दीकडेच होता.